आपलं रुग्णालय की आपली रुग्णसेवा?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या रुग्णमदत गटातर्फे केलेलं भाषण)



नाटक आणि भजनसंध्या यांच्या मधोमध मंडळाने आम्हाला अर्धा तास दिला, याबद्दल मनापासून आभार. आमच्यापैकी कोणीही डॉक्टर नाही. कोणी बँकेतून निवृत्त झालंय, कोणी शाळेतून, कोणी रेल्वेतून. ओळखीतलं कोणी आजारी पडलं की आम्ही सोबत जातो, पर्चा काढतो, रांगेत उभे राहतो. त्या उभं राहण्यातून जे शिकलो ते आज सांगायचं आहे.

निमित्तही आहे. मंडळाच्या इमारत निधीत चार पैसे साठले आहेत, आणि त्यातून समाजाचं स्वतःचं दहा खाटांचं धर्मादाय रुग्णालय काढावं, असा प्रस्ताव आला आहे. प्रस्तावामागची भावना फार चांगली आहे. तरी आमचं मत वेगळं आहे, आणि ते तुमच्यासमोर मोकळेपणाने मांडतो.

आधी आपल्या गावाकडे पाहू. ग्वाल्हेरला रुग्णसेवेची परंपरा जुनी आहे. माधवराव महाराजांच्या काळात, १८९९ मध्ये, कंपूला जयारोग्य रुग्णालय उभं राहिलं. त्या नावात जयाजीराव महाराजांची आठवण आहे. १९४६ मध्ये जिवाजीराव महाराजांनी गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. बायका-मुलांसाठी कमलाराजा रुग्णालय आहे. आता तर 'हजार बिस्तर' म्हणून ओळखली जाणारी नवी इमारत झाली आहे. मांढरे की माताच्या टेकडीवर शीतला सहाय यांच्या पुढाकाराने कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं, आणि लोक त्या टेकडीलाच 'कॅन्सर पहाडी' म्हणू लागले. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर, शिवाय पलीकडच्या धौलपूर-इटाव्याहूनही माणसं उपचाराला आपल्याच गावात येतात.

म्हणजे गावात खाटा नाहीत असं नाही. खाटेपर्यंत पोचलेल्या माणसाला पुढे काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे.

एक साधी गोष्ट सांगतो. एका रुग्णालयातून घरी निघालेल्या मावशींच्या हातात औषधांची चिठ्ठी होती. गोळीच्या नावापुढे लिहिलं होतं १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मावशींना वाटलं, ही किंमत आहे. एकशे एक रुपये! पैसे कमी होते, म्हणून त्या औषधाच्या दुकानावर न जाता थेट बसस्टँडकडे निघाल्या होत्या. डॉक्टरांनी निदान बरोबर केलं होतं, औषधही बरोबर लिहिलं होतं. फक्त शेवटची दोन मिनिटं त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. त्या दोन मिनिटांवाचून सगळा उपचार वाया जायचा.

सेवेचा दर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चकचकीत फरशी, एसी आणि मोठी मशिनं येतात. मशिनं लागतातच, वाद नाही. पण दर्जाचा मोठा भाग पैशाने विकत घ्यायचा नसतो, तो रोजच्या शिस्तीचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी दिली. भूल देण्याआधी रुग्णाचं नाव पुन्हा विचारा, कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे ते खात्री करून घ्या, औषधाची ॲलर्जी विचारा, शेवटी सुया आणि बोळे मोजा. अगदी किराण्याच्या यादीसारखी गोष्ट. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या दर हजार रुग्णांमागे १५ दगावत होते, ते प्रमाण ८ वर आलं. यासाठी एकही नवी इमारत बांधावी लागली नाही.

दुसरा मुद्दा धर्मादाय या शब्दाचा. 'फुकट आहे, मग तक्रार कशाची करता?' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, कधी आपल्यातल्याच एखाद्याने उच्चारलंही असेल. आमच्या मते धर्मादाय रुग्णालयाची परीक्षा याच वाक्याशी होते. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये निवृत्तीनंतर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, अवघ्या ११ खाटांचं. तिथे पैसे देणारे रुग्ण आहेत आणि मोफतवालेही आहेत. खोलीत फरक असेल, चटई आणि पलंग हा फरक असेल. पण ऑपरेशन करणारे डॉक्टर तेच, आळीपाळीने दोन्हीकडे काम करणारे. पैसे देणाऱ्यांच्या रकमेतून मोफत रुग्णांचा खर्च निघतो. दान घेणाऱ्याला उरलंसुरलं द्यायचं नाही, हा तिथला नियम. आपल्या घरात नैवेद्याचं ताट वेगळं आणि चांगलंच वाढतात ना, तसंच हे आहे.

तिसरा मुद्दा, रुग्णाला विचारण्याचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करतात. आदिवासी माणसं रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी त्या माणसांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे कपडे पाहिले की मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड आठवतं. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. मग रुग्णालय झोपड्यांच्या धर्तीवर बांधलं, घरच्यांना रुग्णाबरोबर राहता येईल अशी सोय केली, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना, त्यांच्या देवीचं. दर्जा कशाला म्हणायचं हे ठरवताना खाटेवरच्या माणसाचं मत घेतलं, म्हणून माणसं यायला लागली.

आता जरा पैशाचा हिशेब. इमारत एकदा बांधता येते, रुग्णालय रोज चालवावं लागतं. वॉर्डात चोवीस तास एक नर्स हवी म्हटलं तर आठवड्याचे १६८ तास होतात. एका नर्सने आठवड्याला ४८ तास काम केलं तरी साडेतीन नर्स लागतात, सुट्ट्या-रजा धरल्या तर किमान चार. हे फक्त एका जागेचं. त्यावर रात्रीचा डॉक्टर, तपासण्या, ऑक्सिजन, वीज, जैविक कचऱ्याची विल्हेवाट. निधी इमारतीत संपला तर पहिली काटकसर नर्सच्या पगारात होते, आणि नर्स कमी झाली की दर्जा तिथेच घसरतो. मग दाराशी आपल्या समाजाचं नाव राहील आणि आत रात्री हाक मारली तर कोणी येणार नाही. असं रुग्णालय काढण्यापेक्षा न काढलेलं बरं, असं आम्हाला वाटतं.

'पण दानशूर मंडळी इमारतीलाच देणगी देतात, कोनशिलेवर नाव येतं,' असं काही ज्येष्ठांनी आम्हाला सांगितलं. खरं आहे ते. पण जयाजीराव महाराजांचं नाव आज भिंडच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे ते कोनशिलेमुळे नाही. सव्वाशे वर्षं तिथे कोणीतरी रोज रात्रपाळी केली, म्हणून आहे.

मग आपण करायचं काय? आमच्यापुढे जामखेडचं उदाहरण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये गेले. रुग्णालय काढलंच, पण त्यांनी खरा भर दिला तो गावोगावच्या बायकांवर. गावाने निवडलेल्या, कित्येक निरक्षर असलेल्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. गरोदर बाईची काळजी, बाळाचं वजन, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोग आणि क्षयाच्या रुग्णाला औषध चालू ठेवायला लावणं, ही कामं त्या करू लागल्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथून आपण एवढं घ्यायचं की, उपचाराचा निम्मा भाग रुग्णालयाच्या भिंतीबाहेर असतो, आणि तो करायला डॉक्टरच लागतो असं नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. रुग्णालय बांधण्याआधी, जी रुग्णालयं आहेत तिथे आपल्या लोकांचं एक मदतकेंद्र चालवावं. अर्थातच तिथल्या प्रशासनाची परवानगी घेऊन. कामं चार.

पहिलं, सोबत. बाहेरगावच्या किंवा एकट्या रुग्णाला पर्चा, तपासणी, औषधाचं दुकान, वॉर्ड या फेऱ्यांत साथ द्यायची. आपल्या समाजातही मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत आणि आई-वडील इथे दौलतगंज-जिवाजीगंजात एकटे, अशी घरं कमी नाहीत.

दुसरं, कागद. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, हे कार्ड काढता येतं. या मांडवात सत्तरीपुढचे किती जण बसले आहेत आणि किती जणांकडे कार्ड आहे, ते मनातल्या मनात मोजा. ज्यांचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावं की, तिथल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून आहे. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं असतं. माहीत नसलेला हक्क असून नसल्यासारखा.

तिसरं, समजावून सांगणं. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवायचं. गोळी कधी घ्यायची, पुन्हा केव्हा यायचं, कोणती लक्षणं दिसली तर लगेच निघायचं. कार्डावर आहे तेवढंच सांगायचं. शंका आली तर सिस्टरांकडे किंवा डॉक्टरांकडे परत न्यायचं, आपला सल्ला द्यायचा नाही. आठ दिवसांनी एक फोन करायचा.

चौथं, नातेवाइकांची सोय. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. आपल्या सभागृहाच्या मागच्या दोन खोल्या वर्षातले कितीतरी महिने बंद असतात. तिथे चार गाद्या, गरम पाणी आणि सकाळचा चहा एवढी सोय झाली तरी कंपूच्या फुटपाथवर रात्र काढणारी दोन कुटुंबं छपराखाली येतील.

या कामाला नियमही हवेत. रुग्णाचा आजार बाहेर कोणाला सांगायचा नाही. कोणत्याही लॅबचं किंवा दुकानाचं कमिशन घ्यायचं नाही. मराठी-अमराठी असा भेद करायचा नाही. या गावाने दोनशे वर्षांहून अधिक काळ आपल्याला आपलं मानलं आहे. आणि कर्मचाऱ्यांवर आवाज चढवायचा नाही. एका सिस्टरवर चाळीस रुग्ण असतील तर तिची चिडचिड ही तिची एकटीची चूक नसते. मात्र चुकीचं काही दिसलं तर लेखी, सभ्य शब्दांत, योग्य माणसाकडे नक्की द्यायचं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची रुग्ण हक्क सनद तयार केली आहे. आपल्या उपचारांचे कागद मिळणं, ऑपरेशनआधी समजेल अशा भाषेत माहिती मिळणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येणं, बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणं, हे त्यात आहे. ती सनद मराठी-हिंदीत छापून प्रत्येक घरी द्यावी, असं आम्ही सुचवतो.

हे एक वर्ष करून पाहू. दर महिन्याला किती रुग्णांना मदत झाली, कुठे अडलं, किती खर्च आला, हे सूचना फलकावर लावू. वर्षानंतर गावात नेमकं काय कमी आहे, ते आपल्याला अंदाजाने नाही, नोंदीवरून कळेल. रक्तपेढी असेल, वृद्धांची शुश्रूषा असेल, किंवा खरोखर दहा खाटाच असतील. तेव्हा निधी त्यावर खर्च करा, आम्ही विटा उचलायला पहिले येऊ. तोपर्यंत निधीला हात लावू नये आणि त्याच्या व्याजातून हे केंद्र चालवावं, अशी सर्वसाधारण सभेला आमची विनंती आहे.

आम्ही सध्या अकरा जण आहोत. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी नऊ ते दुपारी एक, दोघा-दोघांनी बसायचं तर आणखी वीस जण हवेत. प्रत्येकाने आठवड्यातले दोन तास दिले तरी पुरे. गृहिणी चालतील, कॉलेजची मुलं चालतील, 'आता आमच्याने काय होणार' म्हणणारे आजोबाही चालतील, कारण खुर्चीवर बसून कागद वाचून दाखवायलाही माणूस लागतो.

आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. मोदक घ्यायला याल तेव्हा नाव, फोन नंबर आणि सोयीचा वार तेवढा लिहून जा.

गणपती बाप्पा मोरया!