वाटेकरी

'तुमची बाग केवढी?' असं कुणी विचारलं की मी जरा अवघडतो. बाग म्हणावी असं ते काही नाही. १९९८ साली आम्ही जुळे सोलापुरात घर बांधलं, तेव्हा दारासमोर वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी मातीची पट्टी उरली. तिच्यात एक लिंबू, एक कढीपत्ता, एक अंजीर, जास्वंदीची दोन झाडं, कोपऱ्यात मेंदी आणि अधूनमधून आपोआप उगवलेलं बरंच काही. एवढाच पसारा. पण या पट्टीत राहणाऱ्यांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची खानेसुमारी करायला बसलो, तर मोजणी पुरी व्हायची नाही.

पहाटेची नमाज झाली की मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसतो. आधी दयाळ पक्षी शेजारच्या टाकीवरून शीळ घालतो. मग बुलबुलांची जोडी येते, भांडल्यासारखी बोलते आणि निघून जाते. उन्हं आली की शिंजीर जास्वंदीवर हजर. हा पक्षी अंगठ्याएवढा, पण वागणं जहागीरदाराचं. फुलाच्या तोंडातून मध प्यायचा कंटाळा आला की सरळ देठाजवळ चोच खुपसतो आणि मध चोरतो. खार कढीपत्त्यावरून कुंपणावर, कुंपणावरून पुन्हा कढीपत्त्यावर. आणि या सगळ्यांकडे मान हलवत बघणारा सरडा.

खरं सांगायचं, तर पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत मला यातल्या निम्म्यांची नावं ठाऊक नव्हती. मी कविता लिहितो. माझ्या कवितांत 'पाखरू' हा शब्द किती वेळा आला असेल, त्याची गणतीच नाही. पण कुठलं पाखरू, असं कुणी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. डोळे उघडले ते मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकांनी. ते मूळचे आमच्या सोलापूरचेच. २००६ साली इथे साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी सोलापुरातच देह ठेवला. त्यांचा 'पक्षिकोश' हाताशी घेऊन मी पायरीवर बसू लागलो. नाव कळलं की ओळख होते आणि ओळख झाली की तो कधी आला, का आला नाही, याची चौकशी सुरू होते. शेजाऱ्याचं असतं, तसंच.

एका उन्हाळ्यात शिंजिराच्या मादीनं आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेलाच घरटं टांगलं. गवताच्या काड्या, सालपटं, कोळ्याचं जाळं आणि दारावर पावसापासून आडोसा म्हणून छोटीशी पडवी. बांधायचं काम एकट्या मादीचं, अंडी उबवायचं कामही तिचंच. नर फक्त आसपास गात असतो. हे पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, 'यात नवीन काय आहे?' पण त्यांनीच महिनाभर कपडे गच्चीवर वाळत घातले आणि धुण्याची बादली जिन्यानं वर नेली.

सोलापूरच्या उन्हात बाग ठेवायची, तर प्रश्न पाण्याचा. आमच्या भागात नळाला रोज पाणी यावं, ही चैन आम्ही कधी अनुभवलेली नाही. त्यावर माझ्या अम्मानं पहिल्याच वर्षी तोड काढली. तिनं लिंबाच्या आळ्याशेजारी एक सपाट दगड ठेवला. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे असतात, त्याला आम्ही वजू म्हणतो. ती त्या दगडावर बसून वजू करायची, म्हणजे दिवसातून पाच वेळा लिंबाला थोडं थोडं पाणी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी इतर झाडांना. लिंबू त्या पाण्यावर वाढलं आणि पाचव्या वर्षी लगडलं.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला अजून जड जातं. २००७ सालच्या पावसाळ्यात लिंबाची कोवळी पानं भराभर कुरतडली जाऊ लागली. जवळ जाऊन पाहिलं, तर पानांवर पक्ष्याची शीट पडावी तसे काळे-पांढरे ठिपके. तेच हलत होते! त्या अळ्या होत्या. मोठ्या झालेल्या अळ्या हिरव्यागार, बोट लावलं की डोक्यावर नारिंगी शिंगं काढणाऱ्या आणि उग्र वास सोडणाऱ्या. मी शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, 'किती एकर?' मी म्हणालो, 'एक झाड.' तो हसला आणि त्यानं लहान बाटली दिली. संध्याकाळी मी पंप मारला.

सकाळी अळ्या मातीत पडलेल्या होत्या. मला समाधान वाटलं. पण लिंबाला लागून असलेल्या अंजिरावर शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. दोन पानांच्या कडा कापसाच्या धाग्यांनी शिवून केलेली पिशवी, आत तीन पिल्लं. आईबाप दिवसभर खेपा घालत ते याच लिंबावरून, चोचीत याच अळ्या घेऊन. मी ते रोज बघत होतो आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी अंजिरावरून आवाज यायचा थांबला. पानं बाजूला करून पाहिलं. तिन्ही पिल्लं गेली होती.

अम्मा दिवसभर काही बोलली नाही. संध्याकाळी दगडावर वजूला बसली, तेव्हा म्हणाली, 'बेटा, तो त्यांचा घास होता.' तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पैगंबरांची एक शिकवण तिच्या मनात पक्की होती. कुणी झाड लावलं आणि त्यातलं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावावर दान म्हणून जमा होतं. अम्मा म्हणाली, 'हे दान तुझ्या हातून आपोआप होत होतं. ते तू बंद पाडलंस.'

त्यानंतर त्या झाडाला औषध लागलं नाही. अळ्या येतात, खातात. काही शिंप्यांच्या पोटात जातात, काही उरतात. उरलेली एखादी अळी काडीला रेशमाच्या एका धाग्यानं स्वतःला बांधून घेते आणि कोष करते. काही दिवसांनी सकाळच्या वेळी त्यातून काळं-पिवळं फुलपाखरू बाहेर येतं, ओले पंख वाळवत तासभर लोंबकळतं आणि उडून जातं. झाड मेलं नाही. पानं पुन्हा फुटली. लिंबं थोडी कमी येतात इतकंच आणि आम्हाला लागतात तरी किती?

इथे सगळं गोडच चालतं, असं मात्र समजू नका. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. एके सकाळी तो आमच्या कुंपणावर दिसला, शेजारच्या काकांनी हात जोडले आणि पुढच्या क्षणी त्यानं बुलबुलाच्या घरट्यातली अंडी खाल्ली. त्याचाही वाटा असतो. पण बुलबुलांनी पुढं पुन्हा घरटं बांधलं. बाटलीतल्या औषधाचं तसं नाही, ते कुणाचीच भूक भागवत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्यांना आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटला, अशी श्रद्धा आहे. माझी तेवढी योग्यता नाही. पण मळ्यात आपल्याखेरीज आणखी कुणीतरी आहे, एवढं मलाही कळलं.

आमच्या गल्लीतली अंगणं आता एकेक करून फरशीखाली गेली. कुणाला गाडी लावायची असते, कुणाला कचरा नको असतो. मी कुणाला दोष देत नाही. पण दोन हात जागा मातीची राहू द्या. तेही नसेल, तर गॅलरीत कुंडीत कढीपत्ता लावा, सावलीत पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. वाटेकरी आपण होऊन पत्ता शोधत येतात.

अम्मा २०१६ साली गेली. दगड तिथेच आहे. आता वजूला मी तिथं बसतो. परवा पानावर एक काळा-पांढरा ठिपका दिसला. मी पाणी जरा जपून ओतलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)