मुदत आणि उमेद

रात्रीचे आठ वाजून जातात, पानें वाढावीं कीं थांबावें या विचारांत घरची मंडळी बसलेली असतात, आणि कामावर गेलेल्या मुलाचा किंवा सुनेचा पत्ता नसतो. पुण्याजवळील हिंजवडीच्या कचेऱ्यांनीं हा प्रसंग कित्येक घरांत नित्याचा करून सोडिला आहे. मुलगा येतो तो थकून येतो. आणि जेवण उरकतांच पुन्हां दूरदेशच्या ग्राहकाशीं बोलावयास बसतो. काम फार पडतें म्हणून पोर कोमेजलें, असें आईवडिलांस वाटतें. परंतु जरा बारकाईनें पाहिलें म्हणजे निराळेंच दिसूं लागतें. तोच मुलगा वर्षापूर्वीं याहूनहि अधिक जागत होता, आणि तेव्हां त्याच्या बोलण्यांत हुरूप होता. काम तेंच, जागरण तेंच. मग मधल्या काळांत गेलें काय? गेली ती उमेद. आणि ती केवळ श्रमानें गेलेली नसते.

सॉफ्टवेअर हा धंदाच असा आहे कीं त्यांत लांकूड, लोखंड, चुना यांपैकीं कांहीं लागत नाहीं. भिंत किती उभी राहिली हें रस्त्यानें जाणाऱ्यालाहि दिसतें. पण प्रोग्राम निम्मा झाला कीं पाऊण झाला, हें बहुतांशीं तो लिहिणाऱ्याच्या शब्दावरूनच समजावयाचें. तो शब्द खरा असेल तोंपर्यंत सगळा कारभार सुरळीत चालतो. हाताखालचीं माणसें भीतीनें किंवा कंटाळ्यानें खरें सांगेनाशीं झालीं, कीं वरच्यांच्या हातांत कोरीं कागदपत्रें तेवढीं राहतात. म्हणून या धंद्यांत माणसांची उमेद राखणें ही नुसती दयाबुद्धीची बाब नव्हे.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण अमेरिकेंतील आयबीएम कंपनीच्या इतिहासांत सांपडतें. १९६१ सालीं या कंपनींत पुढील संगणक कोणत्या धर्तीवर बांधावे यावरून मोठा तंटा माजला होता. फ्रेडरिक ब्रूक्स हे अवघ्या तीस वर्षांचे गृहस्थ ‘८०००’ नांवाच्या यंत्रमालिकेचे कैवारी होते. बॉब इव्हान्स हे अधिकारी ती मालिका मुळांतच रद्द करावी या मताचे. दोघेहि आपापल्या मताचे पक्के. अखेर इव्हान्स यांची सरशी झाली व ‘८०००’ मालिका बंद पडली. आतां आपल्या कारकीर्दीचा येथें शेवट झाला, असें पराभूत पक्षास वाटणें साहजिक होतें. पण इव्हान्स यांनीं जी नवी यंत्रमालिका आंखावयाची होती, तिचें प्रमुखपण त्याच ब्रूक्स यांच्या हातीं दिलें! हीच मालिका पुढें ७ एप्रिल १९६४ रोजीं ‘सिस्टिम ३६०’ या नांवानें जगापुढें आली आणि संगणकांच्या धंद्याचें रूप तिनें पालटून टाकिलें. वादांत हरलेल्या माणसाला हरलेला म्हणून वागवावयाचें नाहीं, हें इव्हान्स यांना उमगलें होतें. बड्या कचेऱ्यांतून ही समज दुर्मिळ असते.

यंत्रें तयार होत आलीं, पण तीं चालविणारें सॉफ्टवेअर, म्हणजे ‘ओएस ३६०’ ही ऑपरेटिंग सिस्टिम, मागें पडूं लागली. १९६४ व १९६५ या दोन वर्षांत तिचा कारभार ब्रूक्स यांनींच पाहिला. ऐन भरांत हजारावर माणसें या कामीं लागलीं होतीं. १९६३ ते १९६६ या अवधींत सुमारें ५,००० माणूस-वर्षें, म्हणजे एका माणसानें केलें तर पांच हजार वर्षें पुरेल एवढें काम, त्यांत खर्ची पडलें. एवढें करून काम उशिरा पुरें झालें, खर्च अंदाजाच्या कितीतरी पट गेला, आणि पहिल्या कांहीं आवृत्त्या तर धड चालतहि नव्हत्या.

या सबंध खटाटोपांतील एक प्रसंग विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. सॉफ्टवेअरचा बारकाईचा आराखडा लिहावयाचा होता. आराखड्याच्या प्रमुखाजवळ दहा निवडक माणसें होतीं. त्यानें सांगितलें, “दहा महिने लागतील, नेमलेल्या मुदतीहून तीन महिने अधिक. पण काम चोख होईल.” दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाजवळ दीडशें माणसें होतीं. तो म्हणाला, “आराखडा आमचीच माणसें मुदतींत लिहितील, शिवाय तो कामचलाऊ आणि चांगला होईल. नाहीं तर हीं दीडशें माणसें दहा महिने हातावर हात ठेवून बसावयाचीं.” ब्रूक्स यांना हा दुसरा युक्तिवाद पटला व काम दीडशें जणांकडे गेलें. तें मुदतींत झालें नाहीं. तेंहि तीन महिने लांबलेंच. आणि आराखड्यांत एकवाक्यता नसल्यामुळें पुढें चुका निस्तरण्यांत आणखी एक वर्ष गेलें, असा ब्रूक्स यांचा स्वतःचा अदमास आहे. रिकामीं माणसें डोळ्यांत खुपतात म्हणून त्यांना कामास जुंपावयाचें, हा मोह किती महाग पडतो पाहा! आणि हा मोह आपल्याकडेहि लग्नघरापासून कारखान्यापर्यंत कोठें नाहीं?

काम मागें पडलें कीं माणसें वाढवा, हा उपाय वरच्या अधिकाऱ्यांना फार आवडतो. गणिताच्या तासाला शिकविलेली त्रैराशिकें येथें दगा देतात. पांच माणसांमध्यें परस्परांशीं बोलावयाच्या जोड्या दहा होतात. दहा माणसांत पंचेचाळीस. आणि दीडशें माणसांत तब्बल ११,१७५. शिवाय मध्येंच आलेल्या माणसाला शिकवावयाचें कोणी? जो आधींच कामानें वांकला आहे त्यानेंच! निम्मा अभ्यासक्रम संपलेल्या वर्गावर परीक्षेच्या तोंडावर चार नवे शिक्षक धाडले, तर त्यांना वर्ग समजावून देण्यांतच जुन्या मास्तरांचा महिना जावयाचा. उशीर झालेल्या कामावर माणसें वाढविलीं म्हणजे तें अधिकच उशिरा होतें, असा जो नियम ब्रूक्स यांच्या नांवानें प्रसिद्ध झाला, त्याचें मर्म हेंच आहे. उमेदीच्या दृष्टीनें त्यांत आणखी एक बोंच आहे. जुन्या माणसांना ही नवी भरती मदत म्हणून भासत नाहीं. आपल्यावरचा अविश्वास म्हणून भासते.

पण सर्वांत घातक गोष्ट म्हणजे खोटी मुदत. मुदत कठीण असली तरी माणूस कंबर कसतो. जी मुदत पाळणें शक्य नाहीं हें खोलींतील प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तरी जी शक्य आहे असें प्रत्येकानें म्हणावयाचें असतें, ती मुदत माणसाला आंतून पोखरते. पहिल्या आठवड्यांत तो वाद घालतो, दुसऱ्यांत गप्प बसतो, तिसऱ्यांत “नव्वद टक्के झालें” असें सांगूं लागतो. आणि मग महिने उलटले तरी तें नव्वद टक्क्यांवरच अडलेलें असतें. हा मनुष्य लबाड नव्हे. खरें बोलल्याची शिक्षा त्यानें एकदां पाहिलेली असते, इतकेंच. आणि घरीं येऊन जो मुलगा “कांहीं नाहीं, नेहमींचेंच” म्हणून पान पुढें ओढतो, त्यानें कदाचित् त्याच दिवशीं असें एखादें नव्वद टक्के सांगितलेलें असतें.

यावर ब्रूक्स यांनीं सुचविलेला उपाय साधा आहे, पण आचरणास कठीण. खालच्या माणसानें अडचण सांगितली कीं वरच्यानें लगेच फोन उचलून हुकूम सोडावयाचे नाहींत. जी अडचण खालचा प्रमुख स्वतः सोडवूं शकतो, ती त्याला सोडवूं द्यावी. आणि जी बैठक केवळ काम कोठवर आलें हें समजून घेण्याकरितां भरविली आहे, तिच्यांत निकाल देऊं नये. आपण खरें सांगितलें तर काम आपल्या हातांतून काढून घेतलें जाणार नाहीं, एवढी खात्री पटली कीं माणसें आपण होऊन खरें सांगतात. कित्येक अधिकाऱ्यांना असें स्वस्थ बसणें म्हणजे आळस वाटतो. वास्तविक दुसऱ्याची अडचण ऐकून घेऊन हात आंखडता ठेवणें याला जितका मनोनिग्रह लागतो, तितका धांवपळीला लागत नाहीं.

याच सुमारास जेराल्ड वाइनबर्ग यांनीं १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत आणखी एका दुखण्यावर बोट ठेविलें. प्रोग्रामर आपल्या लिखाणाला आपल्या अब्रूचा भाग समजतो, म्हणून त्यांतील चूक कोणी दाखविली कीं त्याला ती आपल्या अंगावर आल्यासारखी वाटते. प्रत्येकाचें लिखाण सर्वांनीं वाचावें, चूक ही कामाची चूक समजावी, लिहिणाराची नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. जादा वेळ काम करविण्याबद्दल तर टॉम डिमार्को व टिमथी लिस्टर यांनीं १९८७ सालीं स्पष्टच लिहून ठेविलें आहे कीं, आज जें जादा काढून घ्यावें तें पुढें कामचुकारपणानें, आजारपणानें किंवा राजीनाम्यानें परत द्यावें लागतें. यावर अधिक बोलण्याची जरूर नाहीं. ज्या घरांतील मुलानें वर्षांत दोन नोकऱ्या बदलल्या त्या घराला हें ठाऊक आहे.

राहतां राहिला प्रश्न अपयशाचा. काम फसलें म्हणजे तें कोणाच्या माथीं मारावयाचें, यावरून पुढच्या कामांतील उमेद ठरते. याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. तें अग्निबाणाचें असलें तरी संगणकाचा त्यांत हात आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजीं श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ हा उपग्रहवाहक अग्निबाण सुटला. त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. त्यांनीं पुढें स्वतःच सांगितल्याप्रमाणें, उड्डाणाच्या अगदीं तोंडाशीं संगणकानें नियंत्रणाच्या भागांत दोष असल्याचें दाखवून काम थांबविलें होतें. बरोबरच्या तज्ज्ञांनीं हरकत नाहीं असें सांगितल्यावर कलाम यांनीं संगणकाला बाजूस सारून उड्डाण करविलें. अग्निबाण बंगालच्या उपसागरांत कोसळला. त्या दिवशीं वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींना तोंड द्यावयास कलाम यांना न पाठवितां संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनीं आपल्या शिरावर घेतली आणि आपल्या माणसांवरील विश्वास बोलून दाखविला. पुढें १८ जुलै १९८० रोजीं तोच प्रयोग यशस्वी होऊन ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेंत गेला. त्या वेळीं मात्र धवन यांनीं कलाम यांनाच पत्रकारांपुढें पाठविलें.

कोणी म्हणेल, हीं सारीं मोठ्या पदावरचीं माणसें. पुण्यांतील एखाद्या मधल्या प्रमुखाला हें कसें साधावें? मुदत परदेशांतील ग्राहक ठरवितो, माणसें वरचा साहेब ठरवितो, त्याच्या हातीं काय उरतें? ही अडचण खरी आहे, आणि मधल्या माणसाची ओढाताण थट्टेवारी नेण्याजोगी नाहीं. तरी त्याच्या हातीं अगदींच कांहीं नसतें असें नाहीं. ग्राहकाला होकार देण्यापूर्वीं, जीं माणसें तें काम करणार आहेत त्यांना तो विचारूं शकतो. दहा गोष्टी मुदतींत बसत नसतील तर कोणत्या सहा आधीं द्याव्या हें तो ग्राहकाशीं बोलूं शकतो. आणि असें स्पष्ट बोलणारा मनुष्य ग्राहकालाहि पुष्कळदां हवाच असतो. वरून आलेला रागाचा शब्द जसाच्या तसा खालीं न पोंचवितां त्यांतील कामाचा भाग तेवढा तो पोंचवूं शकतो. एवढें जरी झालें तरी त्याच्या हाताखालचीं पांचसहा माणसें रात्रीं निराळ्या चेहऱ्यानें घरीं जातील.

१९६५ सालीं ब्रूक्स आयबीएम सोडून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत अध्यापक झाले. जातेवेळीं कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांनीं त्यांना विचारलें कीं, यंत्रांच्या कारभारापेक्षां सॉफ्टवेअरचा कारभार एवढा कठीण कां जातो? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां एक ग्रंथच तयार झाला व तो १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. दहा माणसें आणि दीडशें माणसें यांची हकीकत त्यांतच आहे, आणि ती चूक आपली होती हें ब्रूक्स यांनीं कोणावर न ढकलतां लिहिलें आहे. प्रत्येक माणसाला सर्वांचें सगळें काम दिसत राहिलें पाहिजे, असेंहि त्यांनीं त्यांत आग्रहानें प्रतिपादिलें होतें. डेव्हिड पार्नास या शास्त्रज्ञाचें मत नेमकें उलट होतें. प्रत्येकाला आपल्या भागापुरतें कळावें, बाकीचें झांकलेलें असावें, असें तो म्हणे. त्या वेळीं ब्रूक्स यांनीं तें उडवून लाविलें होतें. वीस वर्षांनीं, १९९५ सालीं, ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली. तोंपर्यंत ब्रूक्स यांचें वय चौसष्ट झालें होतें आणि त्यांचा शब्द या शास्त्रांत प्रमाण मानला जात होता. त्या आवृत्तींत त्यांनीं नवीं प्रकरणें घातलीं, आणि त्यांपैकीं एकांत ठळक मथळा देऊन लिहिलें कीं या बाबतींत पार्नास यांचें म्हणणें बरोबर होतें व आपलें चुकलें होतें.