फॅनक की सीमेन्स?

मॅक, विंडोज की लिनक्स, यावरून आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची रोज जुंपते. पण निगडीच्या चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटल्यावर उभे राहा, तिथे वेगळाच सामना रंगतो: फॅनक की सीमेन्स? भोसरी-चाकणच्या सीएनसी मशीनवरचे हे दोन कंट्रोलर, एक जपानी, एक जर्मन. एक म्हणतो, "आपलं साधं आणि दणकट." दुसरा म्हणतो, "आमची स्क्रीन बघ आधी!"

गंमत म्हणजे भाषा बरीचशी एकच. जी००, जी०१, एम०३ दोघांनाही कळतं. पण लेथवर फॅनकला जी७१ म्हणजे रफ टर्निंगची सायकल, आणि सीमेन्सला तेच जी७१ म्हणजे 'मापं मेट्रिकमध्ये'! म्हणजे एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही.

आणि कंपनी नवं मशीन घेताना ऑपरेटरला थोडीच विचारते? ज्याला एकाच कंट्रोलरची बटणं पाठ आहेत, तो दहा वर्षांच्या अनुभवानंतरही पुन्हा शिकाऊ होतो. टूल कुठून कुठे जातंय, कट किती घेतंय, हे ज्याला कळतं, तो आठवड्याभरात दुसरीकडे रुळतो. आपल्या कोडिंगमध्येही तेच आहे.

तेव्हा फॅन खुशाल व्हा, पण हात दोन्हीकडे बसू द्या. पगार त्याचाच मिळतो.

तुमच्या शॉपमध्ये कोण जिंकतंय? व्हॉइस नोट नक्की पाठवा!