दारात येणारी आशाताई

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, आहुपे, हातवीजसारख्या डोंगरकपारीतल्या गावांतून पावसाळ्यात दवाखाना गाठणं सोपं नसतं. तिथे आरोग्यसेवा दारात आणते ती आशाताई, म्हणजे गावातली आशा स्वयंसेविका.

दवाखान्यात बाळंतपण झालं, की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती घरी येते. बाळाला झोळीत घालून वजन करते, ताप पाहते, मिनिटभर श्वास मोजते. श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर लगेच दवाखाना! अशा घरभेटींची वाट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घालून दिली.

या सेवेसाठी आशाताईंना कामानुसार मोबदला मिळतो. तो वेळेवर मिळायलाच हवा. आणि घरभेटींच्या मधल्या दिवसांत बाळ दूध ओढत नसेल, मलूल वाटत असेल, तर वाट पाहू नका. आशाताईंना लगेच बोलवा.