गुन्हा वाळूजला, तक्रार कुठे?



वाळूज आपल्या गंगापूर तालुक्यात. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि भोवती औद्योगिक वसाहत वाढली. मराठवाड्यातली, परराज्यातली माणसं पोटासाठी आली, रांजणगाव, जोगेश्वरीत खोल्या घेऊन राहिली. आपल्या किती घरांची चूल वाळूजच्या पगारावर पेटते!

पण पगाराच्या दिवशी अडवून लुटणं, दारूच्या भांडणात चाकू निघणं, पाळीवरून परतणाऱ्या बाईची छेड, हेही तिथे घडतं. मग लोक म्हणतात, "बाहेरच्यांनी गाव बिघडवलं." पण लुटला जाणारा कामगारही बहुतेक वेळा बाहेरचाच असतो. गुन्हेगाराचं फावतं ते कुणी तक्रार करत नाही म्हणून.

इस्रायलमध्ये नाझरेथ नावाचं अरब लोकांचं मोठं शहर आहे. आसपासच्या गावांचा बाजार, दवाखाना तिथेच. तिथल्या अरब वस्त्यांना खंडणीखोर टोळ्यांनी ग्रासलंय. २०२३ या एका वर्षात देशभरात दोनशेहून जास्त अरब माणसं अशा हिंसेत मारली गेली. बहुतेक खुनांचा तपासच लागत नाही, साक्षीदार भितात. २०२० मध्ये लेकरं गमावलेल्या आया हैफा शहरापासून जेरुसलेमपर्यंत पायी गेल्या. मागणी एकच, तपास करा.

आपल्याकडे तक्रार अडते ती हद्दीवर. वाळूजचा तहसील गंगापूर, पण पोलीस शहर आयुक्तांचे. गंगापूरचं ठाणं मात्र ग्रामीण अधीक्षकांकडे. गावी परतलेल्या बाईला कुणी म्हणालं, "ही आमची हद्द नाही, तिकडे जा," तर ती गप्प बसते.

म्हणून हे पाठच करा. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. जबर मारहाण, लूट, विनयभंग असा दखलपात्र गुन्हा कुठेही घडो, जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. पुढे तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम.

लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. पोलिसांनी ते लिहून तुम्हाला वाचून दाखवायचं, मगच सही किंवा अंगठा. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. विनयभंग, बलात्कारासारख्या गुन्ह्यात बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचं असतं. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा. जीवावर बेतलं असेल तर आधी ११२ फिरवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. गावातल्या किती लेकीसुना वाळूजला कामाला जातात, रात्रपाळीहून कुणासोबत परततात, ते विचारा. एखादीवर प्रसंग आलाच, तर ठाण्यात तिच्यासोबत कोणत्या दोघी जाणार, त्यांची नावं आजच ठरवा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं. तिघी बसल्या की कागद निघतो.