कचरा आपला, हात त्यांचे

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं समाजशास्त्र शिकवलंत, चार शब्द बोला. पण जड नको." म्हणून विषय आपल्या जिन्याखालचाच घेते. कचरा!

आपल्या पुण्यात 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. नुसती अक्षरं गिरवून घेऊन भागणार नाही हे कळल्यावर त्या बायकांबरोबर कचरा वेचायला हिंडल्या. लक्षात काय आलं? कुंडीत हात घालण्याऐवजी घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला, तर कामातली घाण कमी होते आणि मालाला पैसेही बरे येतात.

1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे विद्यापीठाने भंगाराच्या धंद्याचा रीतसर अभ्यास केला. या बायका जो माल उचलतात, तो वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, हे आकड्यांत मांडलं. महापालिकेने त्यांचा आरोग्य विमा उतरवला. 2008 पासून त्यांची 'स्वच्छ' ही संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तीही सहकारी संस्था, आपल्यासारखीच, सभासदांच्या मालकीची.

हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. आणि गेल्या पावसाळ्यात माझ्याच पिशवीतल्या फुटक्या बरणीने आपल्या मावशींचा तळवा कापला. हळद लावायला मी धावले, तर त्या म्हणाल्या, "बाई, काच तेवढी वेगळी हातात देत जा." इतकी वर्षं त्या दारात येतात, पण तुम्हाला काय त्रास होतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली, खरंच.

आता मुद्द्याचं. येत्या वार्षिक सभेत सुका कचरा ठेकेदाराला विकून ते पैसे फंडात घालायचा विषय आहे. हिशेब वाईट नाही, पण पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून मावशींच्या हाती जे पडतं, ती त्यांची निम्मी चूल आहे. फंडात येणारा तो रुपया कुणाच्या तरी ताटातून येणार. मी विरोधात मत देणार आहे. तुम्ही तुमचं ठरवा, पण मत देण्याआधी एकदा खाली उतरून मावशींशी बोला. त्या प्राध्यापिकांनीही सुरुवात तशीच केली होती.

आणि हो, काच वेगळी, पॅड कागदात गुंडाळून. आज रात्रीपासूनच!