पर्यटनाचे अनुदान आणि गावाचा अधिकार



पूर्व विदर्भाच्या मागासलेपणाची चर्चा निघाली की अलीकडे एक उपाय हमखास सुचविला जातो, तो पर्यटनाचा. मोठे कारखाने आले नाहीत, सिंचनाच्या अनुशेषाचा हिशेब १९८४ साली दांडेकर समितीने मांडला त्यालाही चार दशके उलटली, धानाच्या शेतीवर वर्षभर घर चालत नाही. परंतु जंगल आहे, तलाव आहेत, वाघ आहे, तेव्हा पर्यटनातून रोजगार उभा राहील, असे सांगण्यात येते. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्याला तर हे विशेष आग्रहाने सांगितले जाते. कारण गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता या तालुक्यातून जातो आणि नवेगाव-नागझिऱ्याचे अरण्य त्याच्या उंबरठ्याशी आहे.

या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न निराळा आहे. पर्यटनाच्या नावाने जो सार्वजनिक पैसा येतो, तो कोणाच्या निर्णयाने येतो, कशावर खर्च होतो आणि खर्च झाल्यानंतर त्या वास्तूची, त्या तलावाची, त्या रस्त्याची जबाबदारी कोणावर राहते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून अनुदानाचे आकडे ऐकून समाधान मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल.

प्रथम येथले भांडवल कोणते ते पाहिले पाहिजे. गोंदिया आणि भंडारा हे तलावांचे जिल्हे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील कुशल लोकांनी उताराची जमीन हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि एका तलावाचा सांडवा दुसऱ्याला मिळेल अशा साखळ्या उभ्या केल्या. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव मोजले गेले आहेत. त्यांच्या काठी धान पिकले, ढिवर समाजाने मासेमारी केली, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरले. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. तोही धानाच्या बांधीत आणि तलावाच्या कडेला घरटे करतो. म्हणजे ज्याला पाहण्यासाठी पाहुणे येतात तो पक्षी शेतकऱ्याच्या शेतात, शेतकऱ्याच्या सहनशीलतेवर जगतो. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले. व्यंकटेश माडगूळकरांच्या आणि मारुती चितमपल्लींच्या लेखणीने ते मराठी वाचकाच्या घरी पोहोचविले. त्यासाठी कोणत्याही कमानीची वा रंगीत दिव्यांची आवश्यकता भासली नव्हती.

हे सारे वैभव टिकले ते लोकांच्या श्रमामुळे आणि संयमामुळे. त्याची हेळसांड कशी झाली, हे समजून घेण्यासाठी तलावांचाच इतिहास उपयोगी पडतो. १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली. ते योग्यच झाले; मालगुजाराच्या मर्जीवर जगणे संपले. परंतु तलाव सरकारजमा झाले तेव्हा पाळीवर दरवर्षी माती घालण्याची, पाट साफ करण्याची, पाणी वाटून घेण्याची जी गावाची व्यवस्था होती, तिच्या जागी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. निस्तार हक्काचे पाणी की करपात्र पाणी, हा वाद मात्र वर्षानुवर्षे चालला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दुरुस्तीचा पैसा त्या मानाने गेला नाही. तलावात गाळ साचला, बेशरमाची झाडी माजली, पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या आणि त्यांच्याबरोबर देशी मासेही कमी झाले. सरंजामी मालकी गेली आणि तिच्या जागी सामूहिक मालकी येण्याऐवजी बेवारसपण आले. आज पर्यटनाच्या योजना आखणाऱ्यांनी हा धडा विसरता कामा नये.

आता अनुदानाची वाट पाहू. पर्यटनस्थळांची 'अ', 'ब', 'क' अशी वर्गवारी आहे. एखाद्या स्थळाला 'क' वर्ग मिळाला की जिल्हा वार्षिक योजनेतून तेथे खर्च करता येतो आणि त्याची मान्यता जिल्हा नियोजन समिती देते. राज्याच्या प्रादेशिक पर्यटन विकास योजनेचा निधी मुंबईहून मंजूर होतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीला घटनात्मक स्थान दिले. तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून यावेत, खालून आलेल्या योजनांचे एकत्रीकरण तिने करावे, अशी कल्पना होती. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने समित्या स्थापन झाल्या. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. खालून वर जाणारी योजना या व्यवस्थेत बहुधा वरून खाली येणारी यादी बनते. आमदारांची शिफारस, खात्याचे अंदाजपत्रक, मार्चअखेरची घाई आणि ठेकेदाराची सोय यांच्या मेळातून कामे ठरतात. कोणाला व्यक्तिशः दोष देण्याचे कारण नाही. रचनाच अशी आहे की गावाला शेवटी कोनशिला पाहायला मिळते.

या निधीचे दुसरे वैशिष्ट्य असे की तो जवळजवळ सर्वस्वी बांधकामासाठी असतो. प्रवेशद्वार, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, नौकाविहाराचा धक्का. ही कामे मोजता येतात, त्यांचे छायाचित्र निघते. पण दिव्याचे वीजबिल कोण भरणार, शौचालयाला पाणी कोण देणार, झाडणाऱ्या बाईची मजुरी कोठून येणार, याची तरतूद त्या आदेशात नसते. ती येते ग्रामपंचायतीच्या माथी. आणि ग्रामपंचायतीपाशी काय असते? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होती. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या बाकी साऱ्या गरजा. जंगलाच्या कडेच्या गावाची घरपट्टी ती किती असणार? त्यामुळे लाखो रुपये खर्चून उभे केलेले उद्यान दोन पावसाळ्यांत उजाड होते आणि मग त्याच्या 'नूतनीकरणा'साठी पुन्हा अनुदान मागितले जाते.

भाविकांच्या जागांची गोष्टही वेगळी नाही. गोरेगाव तालुक्यातील सूर्यादेव मांडोदेवी देवस्थान असो, की सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा असोत, तेथे लोक शासनाने बोलावले म्हणून येत नाहीत. माघी पौर्णिमेला कचारगडला अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात ते आपल्या पूर्वजांच्या स्मरणासाठी. त्यांना पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी आडोसा, वैद्यकीय मदत आणि परतीचे वाहन हवे. सुशोभीकरण या शब्दाखाली जे काही केले जाते त्यात या चार गोष्टींना शेवटचा क्रमांक मिळावा, हे नियोजनाचे अपयश आहे.

अरण्याच्या बाबतीत तर प्रश्न अधिक तीव्र होतो. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा महाराष्ट्रातील पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे साडेसहाशे चौरस किलोमीटरचे आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या आणि २०२४ मध्ये तिसरी आली. वाघ वाढावा ही इच्छा योग्यच आहे. परंतु वाघ वाढतो तेव्हा मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणाऱ्या बाईची पहाट अधिक धोक्याची होते, गुराख्याचे कुरण आखडते, रानडुकराने नासलेल्या धानाच्या भरपाईसाठी खेटे घालावे लागतात. संरक्षणाची किंमत गावाने मोजावी आणि पर्यटनाचा नफा राष्ट्रीय महामार्गावरच्या निवासस्थानांनी घ्यावा, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. स्थानिक तरुणांना वाटाड्या म्हणून आणि जिप्सीचालक म्हणून काम मिळते, हे खरे. पावसाळ्यात प्रवेशद्वारे बंद झाली की ते काम थांबते, हेही तितकेच खरे.

आणि रस्त्याचे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक वाघ मेला. जखमी वाघ रस्त्याच्या कडेला खुरडत असल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. हाच रस्ता पर्यटकाला अरण्याकडे नेतो आणि हाच रस्ता नागझिरा व नवेगाव यांमधला वन्यप्राण्यांचा मार्ग तोडतो. पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा बांधल्या गेल्या आणि त्यांतून वाघ ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिले आहे. रस्ता रुंद करण्याचा पैसा पर्यटनाच्या नावाने मागताना वेगमर्यादा, रात्रीचे नियंत्रण आणि भुयारी वाटा यांचा पैसा त्याच अंदाजपत्रकात का असू नये?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ग्रामसभांना एवढी जाण कोठली, तेथेही गट आहेत, तेथेही ठेकेदार आहेत, असे म्हटले जाते. आक्षेप अगदीच निराधार नाही. गावातला सधन माणूस ग्रामसभेला वेठीस धरू शकतो. कमान हवी अशी मागणी गावातूनही येते. परंतु जी गैरव्यवस्था डोळ्यांसमोर घडते ती रोखण्याची शक्यता तरी असते. जिल्ह्याच्या ठिकाणी बंद दालनात झालेली गैरव्यवस्था गावाला कळतच नाही. शिवाय अनुभव काय सांगतो? गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि बांबूचा व्यवहार स्वतः करून दाखविला. गोंदिया-भंडाऱ्यातच भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे. मासा कोठे अंडी घालतो आणि पक्षी कोणते कंद खातो, ही माहिती कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा त्या मासेमारांपाशी अधिक होती.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पर्यटनाच्या प्रत्येक कामाबरोबर पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि तो कोण करणार याचा उल्लेख असावा. तो नसेल तर मान्यता देऊ नये. ज्या गावाच्या हद्दीत काम आहे, त्या ग्रामसभेच्या ठरावावाचून प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीपुढे जाऊ नये आणि काम संपल्यावर खर्चाचा तपशील त्याच ग्रामसभेत वाचला जावा. तलावाचा गाळ काढणे, पाळ व पाट दुरुस्त करणे हे पर्यटन विकासाचे पहिले काम मानले जावे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करून देशाला वाट दाखविणाऱ्या महाराष्ट्राला हे काम मजुरांच्या हातून करून घेणे अशक्य नाही. अरण्यप्रवेशाच्या शुल्कातून भोवतालच्या गावांना मिळणारा वाटा नियमाने निश्चित व्हावा, मेहेरबानीवर राहू नये. सारसाचे घरटे शेतात जपणाऱ्या शेतकऱ्याला वेळेवर मोबदला मिळावा. निवास आणि भोजनाची व्यवस्था महिला बचत गटांकडे देताना त्यांना कर्ज आणि प्रशिक्षण दोन्ही मिळावे.

यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. त्यांतल्या बहुतेकींसाठी नवा कायदासुद्धा लागत नाही. आहे त्या घटनेचा आणि आहे त्या कायद्यांचा अर्थ प्रामाणिकपणे लावला तरी पुरे. मात्र ते आपोआप होणार नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा दरवर्षी तयार होतो. गोरेगाव तालुक्यातील गावांनी तो मंजूर होण्यापूर्वी मागावा, ग्रामसभेत वाचावा, आपल्या तलावाचे नाव त्यात आहे की नाही ते पाहावे आणि नसेल तर ठराव करून जिल्हा नियोजन समितीकडे पाठवावा. पंचायत समितीच्या आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी त्या ठरावाची पाठराखण केली किंवा नाही, याची नोंद मतदारांनी ठेवावी. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत जरूर व्हावे. पण त्यासाठी काय बांधायचे आणि काय जपायचे, हे ठरविण्याचा पहिला अधिकार ज्यांनी हे तलाव आणि हे जंगल आजवर सांभाळले त्यांचा आहे.